कासवाची बॅटरी

ओसाका, ८ नोव्हेंबर १९९८

प्रिय बाबा,

पत्राची सुरुवात हवेपासून करायची, एवढं शाळेतलं माझ्या लक्षात राहिलंय. म्हणून हवा: इथे थंडी पडली. आईने कोतात्सुचं गरम टेबल काढून मांडलं, त्याची रजई वाळत घातली आणि नेमका त्याच दुपारी पाऊस आला. आता पाय गरम करायला आत घातले की ओल्या कुत्र्याचा वास येतो. तुमच्याकडे त्सुरुगाला समुद्रावरचा वारा असेल. वसतिगृहात जेवण गरम मिळतं ना?

आम्ही दोघी ठीक. आई सुपरमार्केटात तळणाच्या काउंटरवरच आहे, उरलेली कटलेटं घरी येतात. मीही ठीक. म्हणजे तशीच. एका जागी बसवत नाही. आई म्हणते, "पायात काय भिंगरी बसवलीय का गं तुझ्या? टेक की जरा." मग मी टेकते आणि टेकल्या टेकल्या काहीतरी उघडते. परवा तिचा हेअर ड्रायर उघडला. चांगला चालत होता. अजूनही चालतो, फक्त आवाज वेगळा करतो.

दुरुस्तीच्या दुकानाचं लिहिते, कारण तेवढं तुम्ही नक्की वाचाल.

या आठवड्यात उरानोकाकूंनी मला खेळांची दोन्ही मशीनं शेजारी शेजारी उघडू दिली. तुमच्या कंपनीचं काळं आणि त्या दुसऱ्या कंपनीचं राखाडी. दुकानात कुणी त्यांची खरी नावं घेत नाही. तुमच्याला सगळे कासव म्हणतात आणि त्यांच्याला पाकोळी. रागावू नका. पाठ फुगीर आहे म्हणून कासव. हळू आहे म्हणून कासव म्हणणारेही आहेत, पण ते पाकोळीवाले.

पाकोळी उघडली की पहिल्यांदा वाटतं, एवढंच? एक बोर्ड, मोजक्या चिप, मध्ये मोकळी जागा. भाड्याच्या खोलीत कालच राहायला आलेल्या माणसासारखं. आणि कासव उघडलं की आपलं घर! जिथे बोटभर जागा दिसली तिथे काहीतरी ठेवलंय. पळणारी माणसं काढायला एक चिप, मागचे डोंगर काढायला दुसरी, आवाजाला वेगळी, आणि या सगळ्यांवर दोन मेंदू. काकूंनी चष्मा खाली ओढून बघितलं आणि म्हणाल्या, "हा बोर्ड आहे की सेलच्या दिवशीचं दुकान? कोण कुणाला ढकलतंय तेच कळत नाही."

 मी तिथे कधीच बोलत नाही. पण मला राग आला.

तरी एक विचारते. मेंदू दोन आहेत, पण दोघांना मेमरीपर्यंत जायला रस्ता एकच आहे ना? मी बोट फिरवून फिरवून बघितलं. म्हणजे एक गेला की दुसऱ्याने थांबायचं. मग दोन कशाला घातलेत? मी सहावीत होते तेव्हा तुम्ही जेवायच्या टेबलावर जाहिरातींच्या कागदांच्या मागे चौकोन काढत बसायचात, आई म्हणायची ताट ठेवायला जागा द्या. ते हेच चौकोन होते का?

घरातलं आपलं कासव टीव्हीखालीच आहे. त्याचं घड्याळ मागे पडायला लागलंय. मासेमारीच्या खेळात तळ्याच्या फळ्यावर आपली दोघांची नावं अजून आहेत. तुमचा मोठा कार्प वर, माझा खाली.

आणि एक. नवीन वर्षाला येणार ना? आई विचारत नाही, म्हणून मी विचारते. एप्रिलमध्ये कंपनीने खेळांचा विभाग बंद करून तुम्हाला त्या कुकरच्या कारखान्यात पाठवलं तेव्हा तुम्ही दर महिन्याला येईन म्हणाला होतात. मेमध्ये आलात. ऑगस्टच्या सुट्टीत नाही आलात. नवीन वर्षाला सगळे घरी असतात. तांदळाची मोची किती मागवायची ते दुकानदाराला सांगावं लागतं.

गेल्या रविवारी फोन केला होता. वसतिगृहाच्या काकू म्हणाल्या, तुम्ही अंघोळीला गेलात. त्याच्या आधीच्या रविवारीही अंघोळीलाच होतात. फार स्वच्छ झाला असाल.

तुमची,
चिगुसा


ओसाका, २६ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

हवा: वारा. सायकली आपोआप आडव्या पडतात.

तुमचं पत्र मिळालं. दोन पानं भरून बोर्डाबद्दल लिहिलंत, आणि बाजूला आकृतीही काढलीत. मी ती दुकानात माझ्या टेबलासमोर चिकटवली आहे. तुम्ही लिहिलंय की त्यांचं मशीन काय करू शकतं याची बातमी तुम्हाला उशिरा लागली, तोपर्यंत तुमचा बोर्ड जवळजवळ ठरला होता, आणि नव्याने सुरुवात करायला वेळ नव्हता. म्हणून त्याच जातीचा दुसरा मेंदू शेजारी बसवला. पुढची वाक्यं मी दोनदा वाचली. "बहुतेक खेळांत तो नुसता बसून राहिला. त्याला काम कसं सांगायचं ते खेळ लिहिणाऱ्यांना जमलं नाही. तो वाईट नव्हता."

मला आवडलं ते. पण बाबा, दोन पानांत नवीन वर्षाबद्दल एक शब्द नाही. मागच्या बाजूलाही बघितलं.

शनिवारी एक शाळकरी मुलगा पाकोळी घेऊन आला. टॉवेलमध्ये गुंडाळलेली, आणि आत उलटी.

काकू म्हणाल्या, "हिला असं पालथं का झोपवलंयस रे?"

तो म्हणाला, "पालथी ठेवली तरच चालते. सरळ ठेवली की चित्र अडकतं. आधी भिंतीला टेकवून चालायची, मग आडवी, आता पूर्ण उलटी."

"म्हणजे आता पुढे छताला टांगणार होतास?"

"बाबा म्हणाले टांगू. आई म्हणाली दुकानात ने."

"आईचं ऐकतोस, शहाणा आहेस. चिगुसा, घे गं या योगी बाईंना."

मी उघडली. तुम्हाला माहीतच असेल. लेन्स ज्या पट्टीवरून सरकते ती प्लास्टिकची, आणि वीज येते तो गरम भाग अगदी तिच्या शेजारी. उन्हाने रस्त्याचं डांबर मऊ होतं तशी ती पट्टी मऊ होऊन झिजते, लेन्स वाकडी होते. उलटं केलं की लेन्स स्वतःच्या वजनाने थोडी सरळ होते, म्हणून चालते. कासवात असं होत नाही, तुम्ही तो गरम भाग लांब ठेवलाय, पट्टी धातूची घातलीय. दुकानात पाकोळ्यांची रांग असते आणि कासव क्वचित येतं.

मी हे काकूंना सांगितलं. हो, सांगितलं, एक अख्खं वाक्य. "कासव बिघडत नाही."

काकू म्हणाल्या, "बिघडायला आधी विकलं जावं लागतं, बाळ. पाकोळी हलकी, स्वस्तात बनते, खेळ लिहायला सोपी. घराघरात गेली. म्हणून तर बिघडून माझ्याकडे येते आणि आपण दोघी जेवतो. तुझ्या बाबांनी पट्टी धातूची घातली, त्यात नावं ठेवायला जागा नाही. पण ज्याने प्लास्टिकची घातली त्याला ठाऊक होतं की लोक काय करतील. लोक उलटं करून खेळतील. खेळणं सोडणार नाहीत."

 पाच दिवस झाले, याचं उत्तर शोधतेय. शोधताना दुकानातले सगळे स्क्रू मापाप्रमाणे लावून ठेवले. काकू म्हणाल्या, आता मला एकही सापडणार नाही.

आणखी एक फरक माझ्या डोक्यात फिरतो. पाकोळीत खेळाची आठवण वेगळ्या छोट्या कार्डावर असते. खिशात घाला, मित्राच्या घरी जा, तिथून पुढे खेळा. कासवाची आठवण कासवाच्या पोटात. कासव जिथे, आठवण तिथे. तुम्हाला तेव्हा वाटलं असेल की आठवणी घरातच राहिलेल्या बऱ्या. मलाही तसंच वाटायचं.

काल बुधवार होता, दुकान बंद. मी विशेष काही केलं नाही. जरा फिरून आले.

आई बरी आहे. तिने मोचीवाल्याला अजून काही सांगितलेलं नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, "साहेब येणार ना नवीन वर्षाला?" तर म्हणाली, "त्यांना विचारून सांगते." विचारत मात्र नाही. तुम्ही मला लिहिलंत तरी चालेल. हो किंवा नाही. नुसतं एक अक्षर.

वसतिगृहातल्या त्या पांढऱ्या कुत्र्याचा पुढचा पाय बरा झाला का?

तुमची,
चिगुसा


ओसाका, १० डिसेंबर

प्रिय बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. या वेळी फक्त तीन ओळी. तिसरी ओळ: "कुत्र्याचा पाय दुखतो हे तुला कुणी सांगितलं?"

सांगते. पण आधी दुकानातली एक गोष्ट सांगू द्या. मला सरळ तिथे जाता येत नाहीये. तीन कागद फाडून झाले.

रविवारी निशिवाकी नावाचा एक विद्यार्थी कासव घेऊन आला. कितीतरी दिवसांनी कासव! त्याने ते मांडीवर घेऊन बसने आणलं होतं. म्हणाला, "घड्याळ मागे पडतंय. बॅटरी संपत आली असणार. यात माझ्या फुटबॉलच्या टीमचे सगळे हंगाम आहेत. गेले तर मी परीक्षेला बसणार नाही."

काकू म्हणाल्या, "म्हणजे बॅटरी बदलली तर बसशील असं काही आहे का?"

"तेही नक्की नाही."

मी कासव टीव्हीला जोडून चालू केलं आणि हंगाम आहेत की नाहीत ते बघितलं. होते. मी नवी बॅटरी काढली, तुम्हाला माहीत आहे, ती नाण्यासारखी. तेवढ्यात काकूंनी प्लगकडे हात नेला. आमच्या दुकानात भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय: आधी वायर काढा. काकूंच्या नवऱ्याने लिहिलेलं आहे, ते गेले तरी काकूंनी ते तसंच ठेवलंय. कुठलंही दुरुस्तीचं दुकान असंच करणार. वायर काढा, मग हात घाला. मी स्वतः रोज तेच करते.

"काढू नका!"

बाबा, मी ओरडले. दुकानातले सगळे वळले. समोरच्या दुकानातला माणूसही डोकावला. काकूंचा हात प्लगवर तसाच.

मी म्हणाले, "बंद केलं आणि बॅटरी काढली की सगळं जातं. आठवण धरून ठेवायला तेव्हा काहीच उरत नाही. चालू ठेवायचं आणि चालू असतानाच बदलायची. भिंतीतली वीज तोपर्यंत सांभाळते. म्हणून तर मागे छोटं झाकण दिलंय, स्क्रू न काढता उघडणारं. त्यासाठीच दिलंय ते!"

एवढं लांब मी आयुष्यात बोलले नव्हते. मग चालू मशीनचं मागचं झाकण उघडलं, जुनी बॅटरी नखाने काढली, नवी घातली. पंखा घुर्र करत होता. मी पडद्याकडे बघत नव्हते, निशिवाकीच ओरडला, "आहेत! सगळे आहेत!"

तो गेल्यावर काकू चहा ओतत म्हणाल्या, "तुला आवाज आहे होय गं? एवढे दिवस मला वाटत होतं पाकिटात यायचा राहून गेला." आणि थोड्या वेळाने भिंतीकडे बघून म्हणाल्या, "यांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, हिला काढून टाक. आणि मग घरी येऊन मला विचारलं असतं, तिने कसं केलं ते सांग."

आता कुत्रा.

त्या बुधवारी मी त्सुरुगाला आले होते. ट्रेनने, मोठ्या सरोवराच्या कडेकडेने. उरलेली कटलेटं घेऊन. तुमच्या अंघोळी संपेनात, म्हणून. आईला सांगितलं नव्हतं.

वसतिगृहाच्या काकूंनी दार उघडलं आणि मी नाव सांगताच त्यांचा चेहरा बदलला. मला आत घेतलं, मोसंबी सोलून दिली. कुत्रा लंगडत माझ्या पायाशी येऊन बसला.  मला विचारताच येत नाही. मी नुसती बसून राहिले आणि बसवेना म्हणून त्यांची उशीची किनार उसवत राहिले. शेवटी त्याच म्हणाल्या, "पोरी, मला खोटं बोलायचा कंटाळा आलाय. आणि अंघोळीशिवाय दुसरं काही सुचत नाही."

त्यांनी सांगितलं. कारखान्याने तुम्हाला टेबल दिलं, खुर्ची दिली, काम दिलं नाही. आख्खा उन्हाळा तुम्ही त्या टेबलाशी बसलात. मग एक दिवस सगळ्यांना वाकून नमस्कार केलात आणि निघून गेलात. आता गावातच खोली घेतली आहे. पत्रं मात्र इथेच येतात, आणि दर रविवारी तुम्ही येऊन घेऊन जाता, कुत्र्याला काहीतरी खायला आणता. तुम्ही कुठे काम करता ते विचारल्यावर त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. हमरस्त्यावरचा पेट्रोल पंप.

मी आले होते बाबा. मी तुम्हाला बघितलं.

आधी एक लिहून टाकते, कारण तुम्ही पत्रात आधी तेच शोधाल. मला लाज वाटली नाही.

मी रस्त्याच्या पलीकडे, गरम पेयांच्या मशीनजवळ उभी होते. मक्याच्या सूपचा डबा घेतला आणि हातात धरून ठेवला. तुम्ही केशरी जाकीट आणि टोपी घातली होती. एक मालट्रक आला. तुम्ही धावत गेलात आणि ओरडलात, "येऊ द्या, येऊ द्या, अजून, थांबा!" एवढ्या मोठ्याने! घरी तुम्ही मीठ मागतानासुद्धा कुजबुजता. मला वाटलं दुसराच कुणी आहे. मग तुम्ही काच पुसायला लागलात. सगळे पुसतात तशी पुसून झाल्यावर तुम्ही फडकं दुमडून नखाला गुंडाळलंत आणि कोपऱ्यात घातलंत, जिथे रबराखाली घाण राहते तिथे. तेव्हा खात्री पटली की तुम्हीच. ट्रक निघाला, तुम्ही रस्त्यात उभं राहून बाकीच्या गाड्या थांबवल्यात, मग टोपी काढून वाकलात, आणि तो वळणाआड जाईपर्यंत वर आला नाहीत. पावसात बर्फ मिसळलेला होता.

रस्ता ओलांडायचा होता फक्त. सिग्नल दोनदा हिरवा झाला. मी सूप संपवलं, डबा टोपलीत टाकला आणि स्टेशनवर गेले. कटलेटं कुत्र्याने खाल्ली.

येताना ट्रेनमध्ये मला गेल्या वर्षीचा ऑक्टोबर आठवला. तुम्हालाही आठवत असेल, पण आपण त्याबद्दल कधी बोललो नाही. मी रोज सकाळी गणवेश घालून निघायचे आणि शाळेत न जाता काकूंच्या दुकानात मागे बसायचे. एका दुपारी मी मान वर केली तर काचेबाहेर तुम्ही. हातात वायरींची पिशवी. तुम्ही मला बघितलंत. मी तुम्हाला बघितलं. तुम्ही घड्याळाकडे बघितल्यासारखं केलंत आणि चालू लागलात. रात्री जेवताना तुमच्या ताटातलं कटलेट माझ्या ताटात ठेवलंत. एक शब्द नाही. मी आठवडाभर वाट बघितली की आता ओरडाल, आता ओरडाल. शेवटी मीच आईला सांगितलं आणि शाळा सोडली.

मला तेव्हा वाटलं होतं की माझे बाबा किती चांगले आहेत. त्या कटलेटाला काही नाव नव्हतं, पण मी ते खाल्लं. तरी आतून सारखं वाटत होतं, आत या ना. काच ढकला आणि आत या. काहीही बोला.

त्या बुधवारी मी तेच केलं. बघितलं आणि निघून आले. मला वाटतं आपण दोघंही एकमेकांसाठी रस्ता मोकळा ठेवत बसतो. तो जाईल मग मी जाईन. ती बोलेल मग मी बोलेन. आणि रस्ता रिकामाच.

तुम्ही रागावला असाल. रागावा. पण पंपावर ओरडता तसं रागावा.

नवीन वर्षाला या. कुकरच्या कारखान्यातून नाही, पंपावरून या. पंपाला सुट्टी नसेल तर तसं सांगा. मला कळतं, त्या दिवसांत गाड्या जास्त असतात.

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगायचं आहे ते.

चिगुसा


ओसाका, २७ डिसेंबर

प्रिय बाबा,

हवेचं राहू द्या.

तुमचं उत्तर आलं नाही. मी वसतिगृहात फोन केला. काकू अंघोळ म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी आले, पत्र घेतलं, आणि दारातल्या पायरीवरच बसून वाचलं. मग पुन्हा वाचलं. कुत्रा मांडीवर डोकं ठेवून झोपला होता, म्हणून उठता येत नव्हतं बहुतेक. चहा दिला तर तो गार झाला." एवढंच.

दोन आठवडे मी दुकानात काय काय केलं ते विचारू नका. काकूंचं कॅश मशीनसुद्धा उघडलं. त्या म्हणाल्या, "चिगुसा, उद्या माझी दाढ दुखली तर तुझ्याकडे येणार नाही मी."

काल आई कामावरून आली, कोतात्सुत पाय घातले आणि म्हणाली, "मोचीवाल्याला तिघांची सांगून आले."

मी म्हणाले, "बाबांचं पत्र आलं?"

"नाही."

"फोन?"

"अगं, फोन मी करते दर गुरुवारी. ते अंघोळीला असतात." मग तिने संत्रं सोलायला घेतलं. "लग्न ठरलं तेव्हा यांच्या घरच्यांनी सगळं सांगितलं होतं. मुलगा अबोल आहे, मासे आवडत नाहीत, सर्दी लवकर होते. एवढ्या अंघोळी करतो हे मात्र लपवलं."

मी हसले आणि मग हसू थांबेना आणि मग ते हसू राहिलं नाही. आईने संत्र्याची फोड माझ्या तोंडात कोंबली. म्हणाली, "कुठे आहेत ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे, ते तुझ्या तोंडावर दिसतंय. सांगू नकोस. त्यांनी सांगावं. मी विचारत नाही, याचा अर्थ मला नको आहेत असा नाही. मला वाटायचं, विचारलं की त्यांना खोटं बोलावं लागेल. म्हणून नाही विचारलं."

तर बाबा, आपल्या घरात थांबून राहणारे दोन नाहीत, तीन आहेत. रस्ता तेवढा एकच.

आता खरं काम. आज सकाळी घरच्या कासवाने चालू करताना तारीख विचारली. यापूर्वी कधी विचारली नव्हती. मी घाबरत घाबरत तळं उघडलं. फळ्यावर नावं आहेत अजून. तुमचा कार्प वर, माझा खाली. पण बॅटरी अगदी शेवटाला आली असणार. आता एकदा बंद केलं तर पुढच्या वेळी असेल की नाही सांगता येत नाही.

नवी बॅटरी मी दुकानातून आणली आहे. टीव्हीवर, घड्याळाशेजारी ठेवली आहे. मी बदललेली नाही. मला येते बदलता, तुम्हाला माहीत आहे. पण ते मागचं झाकण तुम्ही केलंय. एवढंसं झाकण करायला तुम्ही कंपनीशी किती भांडलात ते मला आठवतं, तेव्हा टेबलावरच्या चौकोनांमध्ये तो एक चौकोन तुम्ही लाल पेन्सिलने काढला होता. ते तुम्ही उघडायचं. मी टॉर्च धरीन. आई मागून म्हणेल, आधी वायर काढा. आपण दोघांनी मिळून ओरडायचं.

तोपर्यंत मी ते बंद करणार नाही. सकाळपासून चालू आहे. पंख्याची घरघर सगळ्या घरात ऐकू येते. आई कशी आहे तुम्हाला माहीत आहे, रिकाम्या खोलीत दिवा दिसला तरी तिला खपत नाही. दुपारी ती फडकं घेऊन टीव्हीपाशी गेली. मी दारात उभी होते. तिचा हात बटणाजवळ गेला. मग तिने कासवाची पाठ पुसली, बटणाच्या कडेने बोट फिरवून धूळ काढली, आणि तसंच चालू ठेवून स्वयंपाकघरात गेली.

तुम्हाला काय वाटतंय ते मला थोडं कळतं. आधी सगळं बंद करावं, गुपचूप दुरुस्त व्हावं, मग पुन्हा चालू होऊन घरी यावं, असंच वाटत असणार. मलाही शाळा सोडली तेव्हा तसंच वाटायचं. पण तुम्हीच केलंय ना हे मशीन? चालू असतानाच बदलतात, बाबा. बंद केलं तर आम्ही जातो.

पंपावरून सुटलात की जी गाडी मिळेल ती घ्या. जाकीट तेच असलं तरी चालेल. दाराला कडी नाही.

टॉर्च हातात घेऊन बसलेली, आणि बसवत नसलेली,
तुमची चिगुसा